सहा फुटांचं अंतर

मागच्या रविवारी बाबांना घेऊन पारशिवनीजवळच्या शेतावर गेलो होतो. निमित्त आमचा साग. नात्यातल्या मंडळींना हे प्रकरण तोंडपाठ आहे, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो.

१९९६ साली बाबांनी अर्ध्या एकरात साग लावला. तेव्हा सागातून श्रीमंत व्हायच्या जाहिरातींचं पेव फुटलं होतं. बाबा असल्या योजनांत पैसे घालणारे नव्हेत. त्यांनी रोपं आणली आणि स्वतः लावली. सहा बाय सहा फुटांवर, मोजून सहाशे. उन्हाळ्याच्या सुट्टीत पाणी घालायला मी असायचो. पहिल्या दोन वर्षांत जेमतेम दहा-बारा रोपं मेली. बाबांना त्याचा कोण अभिमान!

सातव्या वर्षी गावातले एक निवृत्त वनरक्षक सहज येऊन बघून गेले. म्हणाले, "गुरुजी, आता अर्धी काढा. नाहीतर धड एकबी नाही होत."

सागाच्या लागवडीत ही विरळणी ठरलेलीच असते. वनखातंही साधारण सहा-साडेसहा फुटांवरच साग लावतं, पण पाच-सात वर्षांनी तिरप्या ओळीतलं एकाआड एक झाड काढतं आणि पुढेही टप्प्याटप्प्याने काढत जातं. बाबांना ते पटलं नाही. "निरोगी झाड तोडू कसा? ज्याला जगायचं तो जगेल." विषय संपला.

रविवारी मी झाडं मोजली. दोनशे एकतीस. त्यातली बरीचशी मनगटाएवढी, वर शेंड्याला चार पानांचा झुबका. खऱ्या अर्थाने जाड झालेली चाळीसही नाहीत, आणि त्यातली बहुतेक धुऱ्याच्या ओळीतली, म्हणजे ज्यांना एका बाजूने तरी ऊन मिळालं ती.

म्हणजे विरळणी झालीच की! फक्त ती झाडांनी आपापसात केली. आणि हरणारं झाड एका दिवसात मरत नाही हो. शेजाऱ्याच्या सावलीत दहा-पंधरा वर्षं झुरतं, तेवढी वर्षं पाणी-माती खातं, आणि मग जातं. त्यामुळे जिंकणाराही जेमतेमच वाढतो.

परतीच्या वाटेवर बाबा म्हणाले, "पण पेंचच्या जंगलात कोण करतं विरळणी?"

प्रश्न बिनतोड होता. घरी येऊन वाचत बसलो. जपानमध्ये योदा आणि सहकाऱ्यांनी १९६३ साली दाटीत वाढणाऱ्या झाडाझुडपांचा हिशोब मांडला होता. संख्या चौथाईवर येते तेव्हा उरलेल्या प्रत्येकाचं वजन साधारण आठपट झालेलं असतं. नेमक्या आकड्यावर पुढे वाद झाले, पण मोठं व्हायचं तर कमी व्हावं लागतं, हे कुणी नाकारलं नाही. थंड प्रदेशातली जंगलंही अशीच विरळ होत मोठी होतात.

दुसरी गोष्ट मात्र मला नवीन होती. शेजारी कोण आहे यावरही बरंच ठरतं. जॅन्झेन आणि कॉनेल या दोघांनी १९७०-७१ च्या सुमारास वेगवेगळं मांडलं, की आपल्याच जातीच्या झाडाजवळ रोप जगणं अवघड असतं, कारण त्या जातीची कीड आणि रोग तिथे आधीच ठाण मांडून असतात. हे उष्ण प्रदेशातल्या जंगलांबद्दल होतं. पण २००० साली अमेरिकेतल्या इंडियानामध्ये काळ्या चेरीबाबत तेच दिसलं. आईच्या झाडाखालच्या मातीत रोपं मरत होती, तीच माती निर्जंतुक केली तर जगत होती. दोष मातीतल्या बुरशीसारख्या जंतूंचा होता.

पेंचमध्ये सागाच्या शेजारी ऐन असतो, धावडा असतो, तेंदू, मोहा असतो. वयंही वेगवेगळी. आमच्याकडे सहाशे सख्खे भाऊ, एकाच वयाचे, एकाच उंचीवर एकाच उन्हासाठी भांडणारे.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना बाबांना हे सगळं सांगितलं. ते काही बोलले नाहीत. मला वाटलं, दुखावले. एकोणऐंशीव्या वर्षी कुणाला सांगायचं, की तुमच्या दयेनेच झाडं मेली? आणि आता एकदम मोकळीक दिली तर ही किडमिडी झाडं वाऱ्यात वाकतील, म्हणून विरळणी दोन-तीन वर्षांत हळूहळू करावी लागणार.

काल बाबांनी गेरू कालवायला सांगितला. शेतात गेलो तर स्वतः ब्रश घेऊन एकेका झाडाशी थांबत होते, वर बघत होते, पट्टा ओढत होते. मी म्हटलं, "बाबा, एवढी तोडायची?"

"नाही रे. ही ठेवायची. तोडायच्यांवर माझ्याच्यानं खूण होत नाही."

संध्याकाळपर्यंत एकोणनव्वद पट्टे झाले. शेतातला असला तरी सागाच्या तोडीला १९६४ च्या कायद्याने परवानगी लागते. तो अर्ज मी लिहायला घेतलाय. त्यात झाडांची संख्या भरायची आहे, आणि ती बाबा मला सांगत नाहीत. म्हणतात, "एकूणातून वजा कर."

असो. करतो वजा.