माणसं पाच, चवी सहा

बँकेत माझा हिशेब पैशाला पैसा जुळतो. घरच्या फराळाचा मात्र कधी जुळत नाही. माणसं पाच, चवी सहा! वडिलांना सुशीला लागते. पुण्याहून बदलून आलेले साहेब हे ऐकून चपापले होते. त्यांना सांगावं लागलं की, सुशीला म्हणजे भिजवलेले चुरमुरे फोडणीला टाकून करतात ती. बायकोला चिवडा, पण शेंगदाणे वगळून. मला ते वगळलेले शेंगदाणे. कन्येला सकाळी धपाटे, संध्याकाळी शेंगांची पोळी. आईला मूठभर फुटाणे.

“सगळ्यांना एकच काहीतरी कर की,” असं म्हटलं, तर आई म्हणते, “तसं एकदा खाऊन झालंय, बाबा.”

30 सप्टेंबर 1993 ची पहाट. भूकंपानं किल्लारी आडवी झाली. मग पत्र्याच्या शेडात राहणं, रांगेत उभं राहणं आणि हातात पडेल ते खाणं. आवडनिवड कोणी विचारत नव्हतं, सांगायची कोणाला इच्छाही नव्हती.

आता नव्या गावात नात नाक मुरडून “मला हे नको” म्हणते, तेव्हा आईचा चेहरा खुलतो. नखरे करायला घरात माणूस आहे, यापरती श्रीमंती कोणती? डबे मात्र ती अजून खालच्याच फळीवर ठेवते.