रानपिंगळ्याची हजेरी

लक्ष्मीच्या तसबिरीतले घुबड आपण कौतुकाने पाहतो; तेच शाळेच्या चिंचेवर बसले, की आमचा शिपाई दगड शोधू लागतो! मला मात्र सातपुड्यातल्या वीतभर रानपिंगळ्याने वेड लावले आहे. १८८४ साली डेव्हिडसनसाहेबाने खानदेशात तो टिपला, आणि मग ११३ वर्षे पत्ता नाही. मध्यंतरी माइनर्ट्झहागेन नावाच्या कर्नलाने ब्रिटिश संग्रहालयातला डेव्हिडसनचाच एक पेंढा भरलेला पक्षी चोरून त्यावर १९१४ सालची, गुजरातची चिठ्ठी डकवली. असले पात्र मी कादंबरीत घातले असते, तर संपादकांनी हस्तलिखित साभार परत धाडले असते! पामेला रासमुसेनबाईंनी ती लबाडी उघडकीस आणली, खऱ्या चिठ्ठ्यांचा माग काढला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ भर दिवसा पक्षी समोर!

पण एकदा दिसणे म्हणजे मोजणे नव्हे. मेळघाटात, तोरणमाळला त्याच वाटांनी पुन्हापुन्हा जायचे, हाक ऐकायची, ढोल्या पाहायच्या. एका दिवसाच्या हजेरीवरून वर्ग कळतो का? जुने झाड पडले, की ढोली गेली; ढोली गेली, की वीण गेली. २०१४ साली तो तानसा अभयारण्यात आढळला. मुंबईच्या उंबरठ्यावरच की! तो तेथे नवा आला, की पिढ्यान्‌पिढ्या होताच, हे सांगायला तिथली जुनी हजेरीच कोणाजवळ नव्हती.