तारुण्यपीटिका आणि निळा दिवा

मुरमाला ‘तारुण्यपीटिका’ असे भारदस्त नाव ज्याने बहाल केले, त्याच्या गालावर आयुष्यात एकही उठली नसावी, अशी माझी पक्की समजूत आहे. तारुण्य आल्याची दखल आमच्या कोलशेतात कोणी घेत नाही. पीटिका आल्या की मात्र सारा गाव चौकशीला हजर! शेजारच्या काकू मसुरीची डाळ वाटून लावायला सांगतात, मैत्रीण म्हणते जायफळ उगाळ. आणि ‘अजून गेल्या नाहीत का गं?’ हा प्रश्न तर प्रत्येक हळदी-साखरपुड्यात ठरलेला. हसण्यावारी नेते मी; पण गॅदरिंगच्या नाटकात मागच्या रांगेतली भूमिका मी आपण होऊन मागून घेतली, हेही खरेच.

ठाण्याच्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी रात्री मटाराएवढे अडापालीन आणि सकाळी बेंझॉइल पेरॉक्साइड असा क्रम लावून दिला. तीन महिन्यांत गाल बरेच निवळले, हनुवटी मात्र ऐकेना. तेव्हा त्या म्हणाल्या, ‘निळ्या प्रकाशाच्या आठ बैठका घेऊन पाहू, पण मलम सोडायचे नाही.’ बैठकांचा खर्च ऐकून आई गप्प झाली. आजी मात्र गप्प बसणाऱ्यांतली नव्हे. जन्मभर खाडीच्या वाऱ्यावर सुकट वाळवलेली ती! म्हणाली, ‘दिव्याखाली म्हावरा सुकत नाय गो, पुळ्या कशा सुकतील?’

प्रश्न खोचक खरा, पण उत्तरही मोठे गमतीचे आहे. दिवा पुळी सुकवतच नाही. त्वचेच्या छिद्रात तेल आणि मृत पेशी यांचा बूच बसला की आत एक जीवाणू माजतो. तो पॉर्फिरिन नावाची द्रव्ये तयार करतो. 415 नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळट निळा प्रकाश ही द्रव्ये शोषून घेतात, त्यातून प्राणवायूचे एक तापट रूप निर्माण होते आणि जीवाणू आपल्याच घरच्या मालाने मरतो! बूच मात्र जागच्या जागी राहतो. तो सैल करण्याचे काम अडापालीनचे. एकट्या दिव्यावर भिस्त ठेवली तर दार बंदच राहणार, आणि आत पुन्हा बिऱ्हाड थाटले जाणार.

रंग आणि उजेड यांच्या या संगनमताचा शोध एका विद्यार्थ्याच्या नावावर आहे, हे वाचून मला विशेष आनंद झाला. म्युनिकच्या ऑस्कर राबने 1900 साली प्रसिद्ध केले की, अ‍ॅक्रिडिन या रंगाच्या द्रावणातले पॅरामेशियम उजेडात मरतात, अंधारात तगतात. माझे आजोबा इथल्याच सँडोजच्या रंग-रसायनांच्या कारखान्यात होते. आज त्या जागी उंच इमारती आहेत. ते असते तर आजीला हे त्यांनी माझ्याहून सोपे करून सांगितले असते.

तरीही दिव्याची आरती ओवाळायला मी तयार नाही. 2000 साली 107 रुग्णांवरचा एक ब्रिटिश प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात निळा आणि तांबडा प्रकाश रोज मिळालेल्यांच्या लालसर पुळ्या बारा आठवड्यांत सरासरी 76 टक्क्यांनी घटल्या. आकडा दिपवणारा आहे! पण 2016 साली कॉक्रेनच्या अभ्यासकांनी 71 चाचण्या, म्हणजे 4,211 माणसे, एकत्र तपासली आणि प्रकाशोपचाराच्या बाजूने भक्कम पुरावा थोडाच आहे, असा निर्वाळा दिला. त्यातून आमच्यासारख्या सावळ्यांना आणखी एक पेच आहे. याच निळ्या प्रकाशाने गव्हाळ-सावळ्या त्वचेवर काळसर डाग पडून ते महिनोन्‌महिने राहू शकतात. तांबड्याने तसे होत नाही. म्हणून बाईंनी आधी जबड्याखाली रुपयाएवढ्या जागेवर दिवा धरून पाहिला आणि तीन आठवडे थांबायला लावले. चकाकत्या जाहिरातीत हे तीन आठवडे कुठेच दिसत नाहीत.

घाईने काय होते ते माझ्या मामेबहिणीकडे पाहावे. लग्न ठरताच तिने दुकानातून ‘उजळ’ करणारे मलम आणले. पंधरा दिवस चेहरा चंद्रासारखा झाला; मग पुळ्यांचे नुसते पीक! त्यात स्टिरॉइड होते. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय पाहणीत, चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या 2,926 रुग्णांपैकी 433 जण अशीच मलमे लावत होते. 2018 साली सरकारने अशा चौदा स्टिरॉइड मलमांना चिठ्ठीविना विकण्याची बंदी केली. काउंटरवर मात्र चिठ्ठी मागितलेली मी अजून पाहिली नाही.

माझी सहावी बैठक परवा झाली. डोळ्यांवर काळा चष्मा, वर निळा उजेड, आणि आदल्या रात्री मलमाला सुट्टी, कारण त्याने कातडी हळवी झालेली असते. हनुवटीवर नव्या पुळ्या कमी येतात हे खरे. श्रेय दिव्याचे की चिकाटीने लावलेल्या मलमाचे, ते बाईंनाही छातीठोक सांगता येत नाही. जुने डाग तसेच आहेत. आजी रोज चष्मा लावून ते मोजते. काल तिचे नि माझे गणित दोनाने चुकले.