कागद कोणी धरलाय?

टायपिंगच्या क्लासमध्ये कागद रुळावर चढवायचा, दोन्ही कडा जुळवून बघायच्या, वाकडा गेला असेल तर खटका सैल करून हातानंच सरळ करायचा. कागद धरण्याचं काम तेव्हा तिच्या बोटांचं होतं.

बँकेत लागली तेव्हा डॉट मॅट्रिक्स होता. कडेला अर्ध्या अर्ध्या इंचावर भोकं, ती दातऱ्यांत नीट बसवली की कागदाला तिरकं जायची सोयच नसे. तिला तो प्रिंटर आजही सगळ्यांत सरळमार्गी वाटतो.

निवृत्तीनंतर चिपळूणच्या घरातून ती कुळथाचं पीठ, आंबापोळी कुरिअरनं पाठवू लागली. पत्त्यांची लेबलं लेझर प्रिंटरवर निघू लागली आणि कागद नुसत्या रबराच्या भरवशावर गेला. पिक-अप रोलर धुळीनं गुळगुळीत झाला की जागच्या जागी फिरतो. पावसाळ्यात कागद ओल धरतात आणि दोन-दोन ओढले जातात. म्हणून फोडलेलं रीम ती घट्ट पिशवीत ठेवते, स्टिकरची शीटं ट्रेत घालण्याआधी फडफडवून सुटी करते. अर्धी वापरलेली शीट मात्र पुन्हा कधीच घालत नाही. सोललेल्या जागेच्या कडेला गोंद उघडा पडलेला असतो आणि आत फ्यूजर दोनशे अंशांच्या आसपास तापलेला. एखादं सैल लेबल तिथं चिकटलं, तर दुरुस्ती फार महागात पडते.

आता टेबलावर थर्मल प्रिंटर आहे. शाई नाही, चार बाय सहा इंचांच्या लेबलांचा रोल, आणि कागदावर लक्ष ठेवायला प्रकाश. दोन लेबलांमधल्या फटीत फक्त पातळ पाठकागद असतो. तिथून उजेड जास्त आरपार जातो आणि सेन्सरला कळतं, एक लेबल संपलं. रोल बदलला की ही ओळख पुन्हा करून द्यावी लागते. बऱ्याच यंत्रांत फीडचं बटण दाबून धरलं की काही कोरी लेबलं सरकतात आणि मोजमाप होतं. छपाई दोन लेबलांवर विभागून आली, किंवा दर लेबलामागे एक कोरं बाहेर पडलं, तर ती आधी हेच करते. संगणकात कागदाचं माप ए-फोर राहिलं नाही ना, तेही बघते. छपाई दाटलेली दिसली, तरच यंत्र बंद करून, गार होऊ देऊन, आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्यानं रोलरवरचा गोंद पुसते.

कारण कागद जरा घसरला तरी बारकोडच्या रेघा बिघडतात आणि स्कॅनर हात टेकतो. मग माणसाला पत्ता वाचावा लागतो, त्यातही आधी पिन कोड. १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेली ही सहा आकड्यांची पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकरांची; टपाल खात्यातला हा अधिकारी संस्कृतात कविता करी. आंबापोळी ठाण्याला पोचायची तर ते सहा आकडे स्वच्छ उमटायलाच हवेत. खोक्यावर लेबल चिकटवण्याआधी ती ते एकदा मोठ्यानं वाचते, आणि मगच कुरिअरवाल्या मुलाला फोन लावते.