गान्डर्सहाइमचा बुलंद आवाज

युरोपीय नाट्यवाङ्मयाचा इतिहास शिकवताना एका वळणावर आम्हांला नेहमी थांबावे लागते. पाठ्यपुस्तके प्लॉटस, टेरेन्स आणि सेनेका यांच्यापाशी एक प्रकरण संपवतात आणि पान उलटताच चर्चच्या आवारातील धार्मिक नाटकांपाशी पोहोचतात. मधल्या शतकांत कोणी नाटक लिहिलेच नाही काय, असा प्रश्न वर्गातून येतो. उत्तरादाखल आम्ही ह्रोत्स्वितचे नाव सांगतो. दहाव्या शतकात जर्मनीतील गान्डर्सहाइमच्या मठात राहून या स्त्रीने लॅटिन भाषेत सहा नाटके, आठ संतकथा आणि दोन ऐतिहासिक काव्ये लिहिली. मग लगेच दुसरा प्रश्न येतो : तिला हे शक्य झाले कसे? केवळ ‘प्रतिभेमुळे’ या उत्तराने आमचे समाधान होत नाही. त्यासाठी एका सरदार घराण्याच्या आणि एका लहानशा गावाच्या इतिहासात शिरावे लागते.

हे गाव सॅक्सन मुलखातले. मात्र येथे जुना सॅक्सनीच डोळ्यांपुढे ठेवावयास हवा. आज त्या नावाचे राज्य पूर्वेकडे आहे, आणि गान्डर्सहाइम लोअर सॅक्सनीत मोडते. नवव्या शतकात लिउडोल्फ हा या भागातील बलाढ्य सरदार होता. तो व त्याची पत्नी ओडा यांनी रोमची यात्रा केली, पोपकडून संतांचे पवित्र अवशेष मिळवले आणि ८५२ मध्ये स्त्रियांसाठी मठ स्थापन केला. आरंभी तो जवळच्या ब्रुन्सहाउझेन येथे होता. गान्डर्सहाइमच्या चर्चचे पवित्रीकरण ८८१ मध्ये झाले. पहिली मठाधिपती हाथुमोडा, दुसरी गेरबेर्गा, तिसरी ख्रिस्टिना. तिघीही लिउडोल्फच्याच कन्या!

या योगायोगात भक्तीचा वाटा होताच, पण व्यवहारही होता. मुलीचा विवाह म्हणजे जमिनीचा वाटा दुसऱ्या घराण्यात जाणे आणि नव्या वारसदारांचे हक्क उभे राहणे. मठात गेलेली मुलगी मात्र घराण्याचीच राहत असे. दान दिलेली जमीन तिच्या देखरेखीखाली राही, आणि पूर्वजांच्या आत्म्यासाठी प्रार्थनाही अखंड चालत. शिवाय येथील स्त्रियांचे जीवन कडक संन्यासाचे नव्हते. त्यांना खासगी मालमत्ता ठेवता येई, सेवक बाळगता येत आणि प्रसंगी मठ सोडूनही जाता येई. बहुतेक अभ्यासक ह्रोत्स्वितला अशाच मठवासिनींपैकी एक मानतात.

पुढे घराण्याचे नशीब फळफळले. लिउडोल्फचा नातू हेन्री ९१९ मध्ये राजा झाला, पणतू ओटो ९६२ मध्ये सम्राट. घरचा मठ आता साम्राज्याचा मठ ठरला. ओटोची पुतणी दुसरी गेरबेर्गा तेथे मठाधिपती होती, आणि तीच ह्रोत्स्वितची गुरू. आपली ही गुरू वयाने आपल्याहून लहान असल्याचे ह्रोत्स्वितने स्वतःच नमूद केले आहे. ग्रंथसंग्रह, चर्मपत्र, लॅटिनचे शिक्षण आणि शेतीच्या कष्टांतून मुक्त असा वेळ, या चार गोष्टी त्या काळी फार थोड्यांना एकत्र लाभत. गान्डर्सहाइममध्ये त्या स्त्रियांना लाभल्या.

तिने त्यांचे काय केले, हे पाहण्यासारखे आहे. टेरेन्सची भाषा गोड म्हणून लोक त्याची नाटके वाचतात आणि त्यातील विषयाने मलिन होतात, अशी तिची तक्रार. म्हणून तिने त्याचाच घाट उचलला आणि त्यात निश्चयी कुमारिका आणून बसवल्या. ‘दुल्सिटियस’ नाटकात तीन बंदिवान मुलींवर डोळा ठेवून रात्री आलेला अधिकारी भ्रमिष्ट होऊन स्वयंपाकघरातील भांड्यांनाच मिठ्या मारतो आणि काजळीने इतका माखतो की त्याचेच शिपाई त्याला सैतान समजतात. ‘सापिएन्शिया’मध्ये सम्राट हेड्रियन मुलींची वये विचारतो, तेव्हा आई सरळ उत्तर न देता संख्याशास्त्राचा असा काही पाठ देते की विचारणाराच गोंधळून जावा. ही नाटके तेव्हा रंगमंचावर आली की केवळ वाचली गेली, यावर विद्वानांचे एकमत नाही. पण सत्ताधारी पुरुषाला हास्यास्पद करण्याची ही हातोटी राजघराण्याच्या आश्रयाखाली विकसित व्हावी, याचे आम्हांस कुतूहल वाटते.

आश्रयाची किंमतही तिने मोजली. गेरबेर्गाच्या सांगण्यावरून तिने ओटोच्या पराक्रमाचे काव्य रचले. अडचण अशी की गेरबेर्गाचा पिता हेन्री याने सख्ख्या भावाविरुद्ध, म्हणजे ओटोविरुद्धच, बंड केले होते. ९४१ च्या ईस्टरला त्याच्या हत्येचा कटही शिजला होता. नायक सम्राट आणि बंडखोर गुरूचा पिता! ह्रोत्स्वितने दोष सैतानाच्या माथी मारला आणि हेन्रीला पश्चात्तापदग्ध दाखवून सोडवले. दरबारी लेखनाचा अभ्यास करणाऱ्यांनी हा नमुना अवश्य पाहावा. आधी चोरून, एकटीने लिहिणारी, लिहिलेले नष्ट करून पुन्हा लिहिणारी ही लेखिका कोठे बोलायचे आणि कोठे गप्प राहायचे, हे नेमके जाणत होती. आपल्या नावाचा अर्थ तिने ‘बुलंद आवाज’ असा लावला आहे. प्रस्तावनांतील तिच्या नम्रतेवर म्हणूनच फार विश्वास ठेवू नये.

हा आवाज मात्र पुढे जवळजवळ विस्मृतीत गेला. १४९० च्या दशकात मानवतावादी पंडित कॉनराड सेल्टिस याला रेगेन्सबुर्गच्या मठात तिचे हस्तलिखित सापडले आणि १५०१ मध्ये न्युरेम्बर्गला त्याने ते छापले. ड्यूररची काष्ठचित्रेही त्यात आहेत. १८६७ मध्ये एका इतिहासकाराने हे सारे सेल्टिसचेच बनावट लेखन असल्याचे प्रतिपादन केले. ते टिकले नाही. हस्तलिखित जुनेच होते, आणि विसाव्या शतकात काही नाटकांची बाराव्या शतकातील आणखी एक प्रत कलोनमध्ये मिळाली.

ओटोच्या घराण्याची राजसत्ता १०२४ मध्ये संपली. मठ धर्मसुधारणेनंतर प्रोटेस्टंट झाला आणि १८१० पर्यंत तग धरून राहिला. आजचे बाड गान्डर्सहाइम हे सुमारे दहा हजार वस्तीचे गाव १९७३ पासून ह्रोत्स्वितच्या नावाने लेखिकांना सन्मान देत आले आहे. एल्फ्रीड येलिनेक (१९७८) आणि हेर्टा म्युलर (१९९०) यांना नोबेलच्या कितीतरी आधी तो मिळाला होता. आपले नाव टिकावे म्हणून घराण्याने मठ उभारला, आणि ज्या स्त्रीच्या जन्ममृत्यूची वर्षेही निश्चित नाहीत, तिच्यामुळे आज ते घराणे साहित्याच्या वर्गात पोहोचते.

तरीही वर्गात हे सांगून आम्ही थांबत नाही. मठाच्या स्थापनेवरील काव्यात ह्रोत्स्वितने एक कथा दिली आहे. चर्चची नियोजित जागा रात्री अरण्यात पेटलेल्या दिव्यांनी दाखवली, आणि ते दिवे प्रथम दिसले लिउडोल्फच्या डुकरे राखणाऱ्या गुराख्यांना. या गुराख्यांची नावे काव्यात नाहीत. मठाचे धान्य ज्यांनी पिकवले, ज्यांच्या श्रमांतून ह्रोत्स्वितला लिहिण्याचा वेळ मिळाला, त्यांचीही नाहीत. तिला हे शक्य झाले कसे, या प्रश्नाचे उत्तर देताना हे ऋण मोजावेच लागते. त्याने तिची थोरवी उणावत नाही. पण अशी सोय ज्यांना लाभली नाही त्यांच्या मौनाला प्रतिभेचा अभाव म्हणण्याआधी विचार करावा, एवढे मात्र त्यातून शिकता येते.