भिंतीवरची तीन कुळे

आषाढाच्या दोन-चार सरी झाल्या, की बडोद्याच्या जुन्या भिंती हिरव्या होतात. दांडिया बाजारात, रावपुऱ्यात ज्यांचे बालपण गेले, त्यांना हा रंग परिचित आहे. आपण त्यास ‘शेवाळ’ म्हणतो, आपले गुजराती शेजारी ‘लील’ म्हणतात, आणि दिवाळीपूर्वी दोघेही ते खरवडून टाकतो. एकाच शब्दात सारे कोंबले, की पाहण्याचे कारणच उरत नाही. कमाटी बागेत सकाळी फिरणाऱ्या आम्ही चौघा निवृत्तांनी या शब्दाच्या आत डोकावण्याचे ठरविले.

साधने मोजकीच: दहापट मोठे दाखविणारे भिंग, पाण्याची बाटली आणि वही. पहिला धडा पाण्यानेच दिला. विटांच्या सांध्यांतील चुन्यावर सुकून तपकिरी पडलेल्या गादीवर चार थेंब सोडले, तर आत वळलेली इवली पाने पाहता पाहता उलगडतात. ही हरिता, म्हणजे मॉस; भिंतींवर नेहमी आढळणारी तिची प्रजाती हायोफिला. हिला खोडासारखा दांडा व पाने आहेत. फूल, बी आणि खरे मूळ मात्र नाही. दुसरे कुळ यकृतकांचे. बागेतील ओल्या, उघड्या मातीवर नाण्याएवढे हिरवे चक्र दिसते. त्याची प्रत्येक पाकळी टोकाशी दुभंगलेली. ती रिक्सिया. हिच्यात दांडा-पान असा भेद नाही. सारा देह चपटा, मातीस बिलगलेला. ऊन तापू लागले, की ती दिसेनाशी होते.

तिसरे कुळ आपल्या गोड्या मसाल्यातले. दगडफूल परतल्याचा वास ओळखणार नाही, असे मराठी घर बडोद्यात विरळाच; परंतु ते जिवंत असताना कसे दिसते, हे आम्हांपैकी एकासही ठाऊक नव्हते. शास्त्रीय परिभाषेत हा शैवाक. आणि ही एक वनस्पतीच नव्हे. बुरशी घर बांधते, शैवाल अन्न शिजवते, असा तो संसार. सिमोन श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञाने १८६७ साली हे मांडले, तेव्हा भल्याभल्यांनी ते झिडकारले. मसाल्याचे दगडफूल डोंगराळ मुलखातून येते. त्याचे गरीब भाऊबंद मात्र बागेतील झाडांच्या सालीवर राखाडी ठिपक्यांच्या रूपाने बसलेले असतात. नखाने अलगद खरवडले, तर राखाडी त्वचेखाली हिरवा थर दिसतो. तोच तो शिजवणारा भागीदार.

हे ठिपके हवेची वार्ताही देतात. पॅरिसमधील लक्झेंबर्ग उद्यानात शैवाक टिकून आहेत आणि शहरात अन्यत्र ते नाहीसे झाले आहेत, हे विल्यम नायलँडर यांनी १८६६ साली नोंदविले. गंमत अशी, की श्वेंडेनरच्या सिद्धान्तास कडवा विरोध करणारेही हेच नायलँडर. आम्हीही खोडे मोजतो. रस्त्याकडील खोडांवर ठिपके विरळ, आतल्या खोडांवर दाट. चौघांच्या वहीवरून निष्कर्ष काढण्याचे धाडस आम्ही करीत नाही. नोंद मात्र ठेवतो.

ही नोंद मराठीत ठेवण्याचा आमचा आग्रह आहे. याच नगरीत सयाजीराव महाराजांच्या प्रेरणेने आठ भाषांतील राज्यव्यवहाराचे शब्द जुळविणारा ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ १९३१ साली निघाला. आज आमची नातवंडे शास्त्र इंग्रजीतून शिकतात, मित्रांशी गुजरातीत बोलतात. मराठी आजीच्या ताटापुरती उरते. हरिता, यकृतका, शैवाक हे शब्द कोशात सुखरूप आहेत. पण ते कोणाच्या तोंडी नाहीत. भिंगातून पाहणाऱ्या नातीला रिक्सिया दाखविली, तेव्हा तिने प्रथम नावच विचारले. ते मराठीत सांगता आले, याचे समाधान मोठे होते.

गेल्या वर्षी आमच्यापैकी एकाचा वाडा पाडला गेला. हायोफिला आम्ही प्रथम जिच्यावर ओळखली, ती चुन्याची भिंत त्यातच गेली. तेथील नव्या इमारतीच्या रंगविलेल्या भिंतीवर अद्याप काही उगवलेले नाही. आम्ही दर पावसाळ्यात पाहून येतो.