नियमित खाते

व्यसन सुटले की माणूस सुटला, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. दारू बंद झाली, देवदर्शन झाले, की कुटुंब सुटकेचा निःश्वास टाकते. प्रत्यक्षात त्या माणसाचा कठीण काळ बहुधा तेव्हाच सुरू होतो. मद्याने वर्षानुवर्षे दडपून ठेवलेल्या चिंता एकेक करून जाग्या होतात आणि त्या विसरण्याचे हाताशी असलेले साधन तर गेलेले असते.

माझे धाकटे बंधू धान्याचे व्यापारी आहेत. निवासी उपचार घेऊन ते घरी आले, त्याला आता चार वर्षे झाली. अति मद्यपानाची सवय एकाएकी तोडल्यास झटके येऊन जिवावर बेतू शकते. म्हणून वैद्यकीय देखरेख आवश्यक होती. शरीर सावरले, पण झोप परतायला बरेच महिने लागले. रात्री दोन वाजता उठून ते वहीत आकडे मांडीत बसत. तीन व्यापाऱ्यांची देणी, पत्नीचे मोडलेले दागिने, यकृताच्या तपासण्यांचा खर्च आणि मुलीचे मौन. पहिल्या तिन्ही गोष्टींना आकडा होता; चौथीला नव्हता.

एकदा त्यांनी मला विचारले, “दादा, ही बाकी कधी शून्य होईल का हो?”

बँकेत आयुष्य गेल्यामुळे मला त्याच भाषेत उत्तर सुचले. कर्जाचा हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक ठरते. थकबाकी पूर्ण भरली की ते पुन्हा नियमित होते. परंतु नियमित खाते म्हणजे बाकी नसलेले खाते नव्हे. बाकी लाखांची असू शकते. ठरल्या तारखेला ठरलेला हप्ता येतो, एवढाच त्याचा अर्थ. “तुझे खाते नियमित आहे,” मी म्हणालो. “बंद झालेले नाही, आणि ते आज बंद करायची घाईही नाही.”

‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ ही चळवळ १९३५ साली अमेरिकेत सुरू झाली. तिचे सहसंस्थापक बिल विल्सन हे स्वतः शेअर बाजाराच्या व्यवसायातले. १९३९ च्या त्यांच्या ग्रंथात आत्मपरीक्षणाच्या पायरीला दुकानातील मालमोजणीचीच उपमा दिली आहे. पुढच्या पायऱ्यांत, ज्यांचे नुकसान केले त्यांची यादी करून शक्य तेथे भरपाई करावी, मात्र त्यातून कोणाला नवी इजा होणार असेल तर करू नये, असे सांगितले आहे. आपल्या पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने ‘मुक्तांगण’ उभे केले. व्यसनी माणूस दुष्ट नसून आजारी आहे, ही दृष्टी तेथून अनेक मराठी घरांत पोहोचली.

“फक्त आजचा दिवस” हे या मार्गाचे सूत्र आपल्याला परके वाटू नये. नवकारशीचे पच्चक्खाण सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांचे असते. नियमाला मुदत असली की मनाला तो पेलतो. चिंतेचेही शास्त्रकारांनी आर्तध्यान म्हणून चार भेद सांगितले आहेत: अप्रियाचा संयोग, प्रियाचा वियोग, शरीरपीडा आणि भावी भोगाची लालसा. बंधूंच्या वहीतील देणी, मुलगी आणि यकृत यांत बसतात. चौथा भेद त्या पेल्याचा, जो अजूनही अधूनमधून खुणावतो. चिंतेला नाव मिळाले की ती नाहीशी होत नाही. पण तिला खाते मिळते. आता त्यांच्या वहीत तीन रकाने आहेत: आज करायचे, तारीख ठरलेले आणि आपल्या हातात नसलेले. मुलीचे नाव तिसऱ्यात आहे. ती हल्ली दुकानाविषयी बोलते. त्या वर्षांविषयी नाही.

घरच्यांच्या चिंतेचे ओझेही त्यांच्याच खांद्यावर येते. बाजारातून यायला वीस मिनिटे उशीर झाला तर कोणी काही विचारीत नाही. सारे फक्त घड्याळाकडे पाहतात. ते त्यांना दिसते. कुटुंबीयांनाही आधाराची गरज असते, हे ओळखूनच १९५१ साली ‘अल-अॅनॉन’ हे त्यांचे स्वतंत्र संघटन निघाले. आपल्या मोठ्या एकत्र कुटुंबांत मात्र ही गोष्ट बोललीच जात नाही. कारण पत आणि सोयरिकी दोन्ही जपायच्या असतात.

म्हणून एवढेच सुचवावेसे वाटते. अशा माणसाला जुन्या गोष्टींची आठवण देऊ नये, तशीच कौतुकाची भाषणेही करू नयेत. कामाची एक निश्चित जबाबदारी द्यावी. समारंभात तो लवकर निघाला तर कारण विचारू नये. त्याच्या रात्रीच्या चिंता खोट्या नाहीत. त्या पूर्वीच्याच आहेत, आता तो शुद्धीत राहून त्या वाहतो आहे, एवढाच फरक. त्या वाहताना आजचा हप्ता भरला गेला, तर त्या दिवसापुरते घराने निश्चिंत निजावे.